पेन्सिल घेऊन तळघरात

संगणकावरच्या जुन्या फँटसी आरपीजी (रोल-प्लेइंग, म्हणजे भूमिका घेऊन खेळायच्या) गेमविषयी मराठीत सलग लिखाण फारसं नाही. गेम हा विषय आपल्याकडे निघतो तो बहुधा मुलांच्या डोळ्यांच्या काळजीपोटी, नाहीतर नव्या गेमच्या किमतीची बातमी म्हणून. त्यामुळे या विषयाच्या दारात पहिल्यांदाच उभ्या राहणाऱ्या वाचकाला दोन शंका येतात आणि दोन्ही रास्त आहेत. चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वीचे, ठोकळ्याठोकळ्यांच्या चित्रांचे हे गेम आज खेळून हाती काय लागणार? आणि मुळात खेळायचे तरी कशाला? कोणी शेवटपर्यंत खेळून लिहून ठेवलेलं वाचलं तर भागणार नाही का? या प्रस्तावनेचा बराचसा भाग दुसऱ्या शंकेवर खर्च होणार आहे. तिचं उत्तर मिळालं की पहिलीचं वेगळं द्यावं लागत नाही.

आधी कूळ सांगतो, थोडक्यात. सगळ्याचं मूळ कागदावरच्या एका खेळात आहे. १९७४ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनीव्हा या लहानशा गावातून गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ बाहेर पडला. टेबलावर छोटे सैनिक मांडून लढाया खेळणाऱ्या हौशी मंडळींतून तो निघाला होता. पण इथे खेळाडूच्या हाती फौज नव्हती, एकच माणूस होता. त्याच्या नावावर ताकद, बुद्धी, चपळाई असे आकडे, शिवाय किती मार खाऊन तो उभा राहील याचा एक आकडा. पुढे काय घडतं ते सांगायला एक सूत्रधार आणि सूत्रधाराच्याही हाती नसलेलं ठरवायला फासे. इतक्या आकड्यांचा आणि तक्त्यांचा खेळ संगणकावर जाणारच होता. इलिनॉय विद्यापीठातून चालणाऱ्या प्लेटो या संगणकजाळ्यावर तो १९७५ मध्येच पोचला. तिथल्या एका आद्य गेमचं नाव ‘पेडिट५’ असं रुक्ष आहे, कारण ते मुळात एका अभ्यासगटाला नेमून दिलेल्या जागेचं नाव होतं आणि गेम त्या जागेत दडवलेला होता. व्यवस्थापकांच्या नजरेला पडला की ते तो पुसून टाकत. या क्षेत्राच्या इतिहासाची सुरुवातच अशी पुसापुशीतून झाली आहे. त्या गोष्टीकडे पुढे पुन्हा यावं लागेल.

मग घरगुती संगणक आले. टेक्सासमधला रिचर्ड गॅरियट शाळेत असल्यापासून असे गेम लिहीत होता. त्यातूनच ‘अ‍ॅकलबेथ’ झाला, आणि ह्यूस्टनच्या एका संगणकाच्या दुकानात प्लास्टिकच्या पिशव्यांतून विकला गेला. इतिहासकार त्याच्याविषयी आदराने लिहितात. मी म्हणेन, तासभर पाहा आणि पुढे चला. १९८१ मध्ये गॅरियटचा ‘अल्टिमा’ आला आणि त्याच वर्षी कॉर्नेल विद्यापीठातल्या अँड्र्यू ग्रीनबर्ग आणि रॉबर्ट वुडहेड यांचा ‘विझर्ड्री’. पुढचा बहुतेक संसार या दोन घराण्यांचा आहे. हे दोन्ही गेम जपानात गेले, तिथल्या युजी होरी यांनी त्यांच्यावरून धडा घेऊन १९८६ मध्ये ‘ड्रॅगन क्वेस्ट’ काढला, आणि ती शाखा इतकी फोफावली की तिच्यासाठी स्वतंत्र ग्रंथच हवा. म्हणून प्रस्तुत पुस्तकात ती घेतलेली नाही.

‘विझर्ड्री’पाशी मात्र थांबायला हवं. सहा जणांची टोळी घेऊन तळघरात उतरायचं. दहा मजले, प्रत्येक मजला वीस बाय वीस चौकटींचा. पडद्याच्या एका कोपऱ्यात पांढऱ्या रेषांनी काढलेली भिंत नाहीतर दार दिसतं. बाकीची जागा नावं आणि आकडे यांनी व्यापलेली. नकाशा गेम देत नाही. तो तुम्ही ग्राफ पेपरवर काढायचा. एक पाऊल, एक चौकट. उजव्या हाताची भिंत धरून चालू लागलात की कागदावर हळूहळू बोळ आणि खोल्या उमटतात, आणि आपल्याला हे जमतंय असं वाटू लागतं. खालच्या मजल्यांवर एके ठिकाणी कागद आणि पडदा यांचं जुळेनासं होतं. भिंत असायला हवी तिथे वाट निघते. कुठे मजल्याची पूर्वेची कड पश्चिमेच्या कडेला जोडलेली असते, आणि हद्दीबाहेर टाकलेलं पाऊल पलीकडच्या टोकाला पडतं. कुठे पायाखालची चौकटच तुमचं तोंड गुपचूप भलत्या दिशेला फिरवते. कुठे काळोख, तर कुठे तुम्हाला उचलून दुसरीकडे टाकणारी जागा. ‘ड्युमॅपिक’ हा मंत्र म्हटला की जिन्यापासून आपण किती पूर्वेला, किती उत्तरेला आहोत ते कळतं, पण मांत्रिकाकडचे प्रयोग मोजके. मंत्राचं नावही पुस्तिकेत पाहून एकेक अक्षर टाइप करायचं. ‘मालोर’ हा मंत्र हव्या त्या चौकटीत नेऊन सोडतो. त्याला हद्दीबाहेरचा आकडा दिलात तर अख्खी टोळी खडकात गाडली जाते. बेरीज-वजाबाकी इतकी जिवावर बेतणारी दुसरीकडे क्वचितच असेल.

आता विचारा, या गेमची गोष्ट काय? ट्रेबर राजाचा ताईत वर्डना नावाच्या मांत्रिकाने पळवला आहे, तो परत आणा. ट्रेबर आणि वर्डना ही कर्त्यांचीच नावं उलटी लिहिलेली. संपली गोष्ट. एवढ्याशा कथानकावर कोणी निबंध लिहिणार नाही. गोष्ट आहे ती मरणाच्या नियमात. टोळी तळघरात मेली तर प्रेतं तिथेच पडून राहतात. नवी माणसं नोंदवायची, त्यांना पहिल्या पातळीपासून तयार करायचं, त्याच चौकटीपर्यंत न्यायचं आणि जुन्यांना उचलून वर आणायचं. देवळात पैसे मोजले की पुजारी जिवंत करायचा प्रयत्न करतो. फसला तर राख होते. राखेवरचा प्रयत्नही फसला तर ते नाव यादीतून कायमचं जातं. आणि गेम हे सगळं जागच्या जागी फ्लॉपीवर लिहून टाकतो. मागची सेव्ह लोड करून सुटका नाही. मरण लिहिलं जायच्या आत ड्राइव्हचं दार उघडणारे खेळाडू होतेच, आणि या क्षेत्राच्या अभ्यासकाने त्यांचीही नोंद घ्यायला हवी.

हा नियम मी आत्ता चार-सहा ओळींत सांगितला. तो वाचून तुम्हाला काहीही झालं नसेल. मंत्र संपलेले, टोळीतले दोघे मेलेले, जिना अजून बराच लांब आणि उजवीकडे एक न उघडलेलं दार, अशा वेळी आपण नेमकं काय करतो, लोभ जिंकतो की भीती, हे सारांशात येत नाही. कादंबरीचा सारांश वाचून कादंबरी कळत नाही हे आपण जाणतो. तरीही सारांशात तिची माणसं तरी उरतात. ‘विझर्ड्री’च्या सारांशात काहीच उरत नाही, कारण त्याचा आशय खेळणाऱ्याच्या निर्णयांतून तयार होतो. या पुस्तकातल्या प्रत्येक लेखकाला म्हणूनच एक अट घातली होती: ज्याविषयी लिहाल तो गेम शेवटपर्यंत खेळलेला हवा.

नियमांतून गोष्ट सांगता येते हे ‘विझर्ड्री’त काहीसं नकळत घडलं. १९८५ च्या ‘अल्टिमा ४’मध्ये ते जाणूनबुजून घडवलेलं आहे. मधल्या काळात गॅरियटने ओरिजिन ही स्वतःची कंपनी काढली आणि खेळाडूंची पत्रं थेट त्याच्या हाती पडू लागली. लोक दुकानं लुटत होते, गावकऱ्यांना कापून काढत होते, आणि शेवटी दुष्टाला मारून वीर म्हणवून घेत होते. दोष त्यांचा नव्हता. नियम त्याचंच बक्षीस देत होते. म्हणून चौथ्या भागात शेवटी मारायला कोणी राक्षसच ठेवला नाही. प्रामाणिकपणा, करुणा, शौर्य, न्याय, त्याग, इमान, अध्यात्म आणि नम्रता हे आठ गुण अंगी बाणवून ‘अवतार’ व्हायचं, एवढंच उद्दिष्ट. अवताराची कल्पना हिंदू परंपरेतून घेतलेली आहे. गेममधल्या देवळांत बसून मंत्रही जपावे लागतात आणि अध्यात्माच्या देवळाचा मंत्र चक्क ‘ओम’ आहे. मराठी वाचकाला इथे हसू येईल. येऊ द्यावं, पण तेवढ्यावर थांबू नये, कारण खरी करामत जडीबुटीच्या दुकानात आहे.

जादूसाठी लागणारा लसूण, जिनसेंग, कोळ्याचं जाळं असला माल विकणारी बाई आंधळी आहे. काय हवं, किती हवं ते तुम्ही सांगता. ती हिशेब करून रक्कम बोलते आणि किती देता ते विचारते. आकडा तुम्ही टाइप करायचा. वीस झाले असतील आणि तुम्ही एकच नाणं टेकवलंत तरी व्यवहार पुरा होतो. ना आरडाओरडा, ना शिपाई, ना पडद्यावर एखादी सूचना. आत कुठेतरी प्रामाणिकपणाचा आकडा खाली घसरतो, आणि तो आकडा तुम्हाला कधीच दाखवला जात नाही. गेममधल्या राजाच्या, लॉर्ड ब्रिटिशच्या, वाड्यात हॉकविंड नावाचा एक द्रष्टा बसलेला असतो. त्याला विचारलं तर तो मोघम शब्दांत सांगतो की वाट चुकते आहे. दुष्ट नसलेलं जनावर पळून जात असेल तर जाऊ देणं ही करुणा, दुष्टासमोरून आपण पळणं हा शौर्याला डाग. जखमींसाठी वैद्याकडे रक्त दिलं की त्यागात भर. आपल्याकडच्या मोक्षपटात सद्गुणाच्या शिडीवर चढवायचं काम कवड्या करतात, पडेल ते दान घ्यायचं. इथे दान तुमच्या हातात आहे आणि पट मात्र झाकलेला.

गेम निर्दोष आहे असं नाही. मेख एकदा कळली की भिकाऱ्यांना एकेक नाणं वाटून करुणा ‘भरून’ घेता येते, आणि मग सगळा सदाचार हिशेबाच्या वहीसारखा दिसायला लागतो. गंमत अशी की ही दुखरी जागा मालिकेनेच पुढे दाबून पाहिली. १९८८ च्या ‘अल्टिमा ५’मध्ये राजा बेपत्ता आहे, आणि त्याच्या जागी बसलेला ब्लॅकथॉर्न हेच आठ गुण कायदा म्हणून लादतो: अर्धी मिळकत दान करण्याची सक्ती, आणि असंच पुढे. एका गेममधल्या नियमाला दुसऱ्या गेममधल्या नियमाने दिलेलं हे उत्तर आहे. माझ्या मते या क्षेत्रातल्या वादविवादाचं याहून चांगलं उदाहरण नाही, आणि तो वाद समीक्षकांनी नव्हे, गेमनीच केला.

१९८८ चाच ‘पूल ऑफ रेडियन्स’ एका वेगळ्या कारणासाठी पाहायला हवा. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’चे नियम अधिकृत परवान्याने, बऱ्यापैकी पुरते संगणकावर उतरले ते एसएसआय कंपनीच्या या गेममध्ये. पण डिस्कवर मजकूर मावेना. म्हणून गोष्टीचे तुकडे सोबतच्या पुस्तिकेत छापले, आणि प्रसंग आला की गेम सांगे, अमुक क्रमांकाची नोंद वाचा. आगाऊपणाने पुढच्या नोंदी वाचणाऱ्यांसाठी पुस्तिकेत खोट्या नोंदीही पेरलेल्या होत्या. याचा अभ्यासकासाठी अर्थ स्पष्ट आहे. पुस्तिका, कापडी नकाशा, नक्कल रोखण्यासाठी दिलेली सांकेतिक चकती, हे सगळं त्या त्या कृतीचा भाग आहे. नुसती फाईल हाती असेल तर गेमचा एक तुकडाच हाती आहे.

१९९८ च्या डिसेंबरात आलेला ‘बाल्डर्स गेट’ अनेकांना या परंपरेचा कळस वाटतो. कॅनडातल्या एडमंटनच्या बायोवेअर कंपनीचा हा गेम. त्यातलं एकच ठिकाण सांगतो. सुरुवातीलाच पाळणारा बाप मारला जातो, आणि त्याने सांगून ठेवल्याप्रमाणे तुम्ही फ्रेंडली आर्म नावाच्या खाणावळीत जाता. पायऱ्यांवर टार्नेश नावाचा मांत्रिक उभा असतो. दोन शब्द बोलतो, स्वतःच्या खोट्या प्रतिमा उभ्या करतो आणि तुमच्या माणसांवर भीतीचा मंत्र सोडतो. ती सैरावैरा धावू लागतात. तुम्ही स्वतः मांत्रिक झाला असाल तर पहिल्या पातळीवर तुमचा जीव म्हणजे चार-सहाचा आकडा; स्पेसबार दाबून काळ थांबवून कितीही विचार केलात तरी तो आकडा वाढत नाही. इथे मेला नाही असा नवखा खेळाडू विरळा. हा अन्याय आहे अशी तक्रार तेव्हापासून चालू आहे, आणि तक्रार खरी आहे. तरीही ते ठिकाण आहे तसंच असावं असं मला वाटतं. तुमचा तोच मांत्रिक पुढच्या भागात नेता येतो आणि ‘बाल्डर्स गेट २’च्या अखेरीस तो काळ थांबवण्याचा मंत्र म्हणतो. त्या मंत्राला वजन येतं ते पायऱ्यांवरच्या त्या मरणांमुळे. जे थेट दुसऱ्या भागापासून खेळतात त्यांना मंत्र मिळतो, वजन मिळत नाही.

‘बाल्डर्स गेट’च्याच इंजिनावर, म्हणजे गेम चालवणाऱ्या मूळ प्रोग्रामवर, १९९९ मध्ये ‘प्लेनस्केप: टॉर्मेंट’ झाला आणि त्याने मरणाचा नियमच उलटा केला. नायक शवागारात जागा होतो; त्याला मरता येत नाही, आणि का येत नाही याचाच तो शोध घेतो. ‘विझर्ड्री’तली राख ज्याने अनुभवली आहे त्याला या उलथापालथीचं मोल अधिक कळेल. इतरांना तो फक्त उत्तम लिहिलेला गेम वाटेल, जो तो आहेच.

आमच्या पुस्तकाची सीमा २००२ च्या ‘मॉरोविंड’पाशी आखली आहे. सीमा कुठेही आखली तरी कोणीतरी नाराज होणारच. आमचं कारण असं की तिथे माणसं अजून रस्ता तोंडी सांगतात: पूल ओलांडा, खडकापाशी वळा, आणि सांगणारा कधी चुकतोही. नंतरच्या गेममध्ये पडद्यावरची खूणच दिशा दाखवू लागली. पेन्सिलीची गरज संपली.

आता मराठी वाचकाविषयी. ही सगळी परंपरा घडत होती तेव्हा आपल्याकडे बहुतेक घरांत संगणक नव्हता. नव्वदच्या दशकात क्लासमधल्या किंवा मित्राच्या घरच्या संगणकावर ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ आणि ‘डेव्ह’ खेळलेली पिढी आहे. ‘पूल ऑफ रेडियन्स’ खेळलेले फार थोडे. भाषेची अडचण होतीच, पण आणखी एक साधं कारण आहे. आरपीजीला पुस्तिका लागते, आणि कॉपी केलेल्या फ्लॉपीबरोबर पुस्तिका येत नसे. म्हणजे आपण उशिरा आलो. मला हा तोटा वाटत नाही. इंग्रजीत या विषयावर जे लिहिलं जातं त्यातलं पुष्कळसं आठवणींच्या गहिवरात बुडालेलं आहे. बाराव्या वर्षी खेळलेला गेम कोणाला वाईट म्हणवत नाही. आपल्याला तो अडसर नाही. ‘अल्टिमा ४’मधली लांबलचक, कंटाळवाणी पायपीट कंटाळवाणी आहे असं आपण बेधडक म्हणू शकतो आणि तरी आंधळ्या बाईच्या दुकानावर प्रकरण लिहू शकतो.

इंग्रजी ग्रंथांपैकी तीन हाताशी असावेत. कागदी खेळाच्या उगमासाठी जॉन पीटरसन यांचं २०१२ चं ‘प्लेइंग अ‍ॅट द वर्ल्ड’, संगणकावरच्या वाटचालीसाठी मॅट बार्टन यांचं २००८ चं ‘डंजन्स अँड डेस्कटॉप्स’, आणि फेलिपे पेपे यांनी अनेक स्वयंसेवकांकडून लिहून घेऊन संपादित केलेलं ‘द सीआरपीजी बुक’. शेवटचं सलग वाचू नये, चाळावं.

पुसापुशीची गोष्ट अजून संपलेली नाही. अमेरिकेत २०१० पूर्वी आलेल्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात रीतसर मिळत नाहीत, असं व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशनच्या २०२३ च्या अभ्यासात आढळलं. आरपीजींचं नशीब त्यातल्या त्यात बरं. जुनं डॉस नव्या यंत्रावर जिवंत करणारा डॉसबॉक्स फुकट आहे, आणि २००८ पासून चालणाऱ्या जीओजी या पोलिश दुकानात यातले बरेच गेम पुस्तिकांसकट मिळतात.

खेळताना तयार उत्तरं पाहायची की नाही, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. नोकरी-संसार सांभाळून खेळणाऱ्या माणसाला पाहू नका असं सांगण्याचा अधिकार कोणाला नाही. फक्त अडल्याबरोबर पाहू नका. कुठे अडलात, का अडलात, काय काय करून पाहिलंत हे आधी वहीत उतरवा. पुष्कळदा उतरवता उतरवताच वाट सापडते. नकाशा स्वतः काढा, निदान पहिले तीन मजले तरी. आणि ती वही जपून ठेवा, कारण मराठीत या विषयावर जे लिहिलं जाईल त्याचा कच्चा माल तीच असेल.

सुरुवात ‘विझर्ड्री’पासून करू नका, तो घाबरवतो. ‘अल्टिमा ४’ घ्या. जीओजीवर तो मोफत आहे आणि सोबत नकाशा व दोन्ही पुस्तिकाही मिळतात. पुस्तिका आधी वाचा. बहुतेक मंत्रांत काय काय घालायचं ते त्यांच्यातच दिलेलं आहे, गेम ते सांगत नाही.